विषारी सापांमधला गुणसूत्रांचा फरक

जवळच्या नात्यातल्या विषारी सापांत गुणसूत्रांची म्हणजे क्रोमोसोमची संख्या, आकार आणि नर-मादी ठरवणारी जोडी यांत दिसणारा फरक. नाशिकच्या सर्पमित्रांना घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार या चार सापांसाठी सारखे कॉल येतात, त्यांच्यावरूनच तो कळतो. घोणस आणि फुरसं दिसायला किती वेगळे, पण दोघांचीही गुणसूत्रं ३६च, १६ मोठी नि २० बारीक ठिपक्यांएवढी. बहुतेक सापांत हाच आकडा, म्हणून मूळ ठेवण हीच असावी असं सहसा धरतात. नागाची ३८.

मण्यारीचं प्रकरण वेगळं आहे. सापात नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांना झेड आणि डब्ल्यू म्हणतात, नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू, पण मण्यारीच्या मादीत दोन वेगळे झेड आणि एकच डब्ल्यू, त्यामुळे नरात ४४ आणि मादीत ४३. हे भारतीय शास्त्रज्ञ लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मांडलं. असं दोन वाटांनी होऊ शकतं, झेड तुटून दोन होतात किंवा डब्ल्यूला एखादं साधं गुणसूत्र चिकटतं. मण्यारीचा एकूण आकडाच वाढलेला आहे म्हणून तुटण्याची वाट जास्त पटते. पुढे सिंग यांनीच पट्टेरी मण्यारीतून, जी आपल्या नाशिककडे नाही, 'बीकेएम' नावाचा डीएनए वेगळा केला, त्यात गाटा (GATA) ही डीएनएची चार अक्षरं परत परत येतात आणि सापांच्या डब्ल्यूवर ती दाटीने असतात. भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगची सुरुवात इथूनच, हे फार कमी जणांना माहीत असतं.

अजगरवर्गात झेड-डब्ल्यू सारखेच दिसतात, घोणसवर्गात डब्ल्यू झिजलेला, म्हणून ही एकाच बदलाची पायरी-पायरी आहे असं जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९६०च्या दशकात मांडलं. २०१७ मध्ये मात्र एका बोआत आणि एका अजगरात माणसासारखी एक्स-वाय पद्धत सापडली, तेव्हा ती शिडी आता जपूनच वापरावी.

मोजायची पद्धतही लक्षात ठेवा. पेशी विभागताना कोल्चिसिन या रसायनाने थांबवायच्या, पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या, काचेवर थेंब सोडून रंगवायचं. मोठी गुणसूत्रं स्पष्ट दिसतात, बारीक ठिपके मात्र एखादा निसटतो, म्हणून जुन्या नोंदीतला एक-दोनचा फरक लगेच खरा धरू नये.

युरोपातल्या घोणसवर्गातल्या व्हायपेरा बेरस या सापाची ३६ आणि व्हायपेरा अ‍ॅस्पिसची ४२, दोन्ही विषारीच, म्हणजे आकड्याचा विषाशी संबंध नाही. साप ओळखायलाही हा आकडा लागत नाही, कांद्याच्या चाळीत साप निघाला तर मण्यार की बिनविषारी कवड्या हे पाठीच्या मधल्या ओळीतल्या मोठ्या षटकोनी खवल्यांवरून ठरतं, आणि तेही सर्पमित्रानेच जवळून बघायचं.