सस्पेन्शन बदलायचंय? मग आधी आरसी बाहेर काढा

कात्रजच्या जुन्या घाटात गाडी वळणावर बाहेर झुकायला लागली, खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' आवाज यायला लागला, की पुण्यातला माणूस स्पेअर पार्टच्या दुकानांसाठी नाना पेठ गाठतो. काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो: "कंपनीचेच शॉकअप देऊ, का जरा कडक?" सस्पेन्शन, म्हणजे गाडीचे धक्के झेलणारे शॉकअप-स्प्रिंग, बदलताना या 'जरा कडक'पासून पुढे कागदपत्रांचा विषय सुरू होतो, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. संगम पुलाजवळच्या आरटीओत 'सस्पेन्शन बदलण्याची परवानगी' असा वेगळा अर्ज मिळत नाही. जो आहे तो वाहनातील फेरबदलाचा, आणि तो सगळ्यांना लागतही नाही. त्यामुळे बाहेरच्या टपरीवर कुणी "सस्पेन्शनचं पासिंग करून देतो साहेब" म्हणालं, तर पावतीवर कामाचं नाव काय येणार, तेवढं विचारा.

कायदा म्हणजे मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. उत्पादकाने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील गाडीशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरबदलाची व्याख्या आहे: गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता आपली आरसी बघा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग, आसनं, वजन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हे सगळं असतं. शॉकअप आणि स्प्रिंगचा उल्लेख कुठेच नसतो.

म्हणून झिजलेले शॉकअप, स्ट्रट माउंट, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड हे त्याच मॉडेलच्या मापाचे नवे टाकले, तर ती दुरुस्ती झाली. आरटीओत जायचं कारण नाही, बिल जपून ठेवा. माझं मत विचाराल तर 'हँडलिंग बिघडलं' म्हणणाऱ्या बहुतेकांचं काम इथेच संपतं. माझी हॅचबॅक नऊ वर्षांची झाली तेव्हा मीही कडक स्प्रिंगच्या गोष्टी करत होतो. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या बुशमध्ये पाना अडकवून हलवला, आणि फाटलेलं रबर ओठासारखं उघडलं. बुश आणि चारही शॉकअप कंपनीचेच टाकले, अलाइनमेंट केली, स्प्रिंगचा विषय तिथेच मिटला.

दुसरं टोकही स्पष्ट आहे. चॅसिस कापणं, वेल्डिंग करून माउंटिंगची जागा हलवणं, व्हीलबेस बदलणं हे करायचंच नाही. स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली बसवणारे गॅरेजवाले अजून सापडतात. तिथून गाडी तशीच परत आणा. कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की जागेवरून सरकू शकते.

अवघड आहे तो मधला पट्टा: गाडी खाली बसवणारी लोअरिंग स्प्रिंग, उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉकअप-स्प्रिंगचे एकत्र जोड), गाडी उंच करणारं लिफ्ट किट. 40 मिलिमीटर खाली बसलेल्या गाडीचं 'मूळ वैशिष्ट्य' बदललं का, याचं उत्तर कायद्यात मिलिमीटरमध्ये दिलेलं नाही. व्यवहारात ते मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेवर येतं. नियमबाह्य फेरबदल ठरला तर कलम 182अ(4) नुसार मालकाला प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक' हा शब्द विसरू नका. गॅरेजवाल्याने केलं म्हणून मालक सुटत नाही.

या मधल्या पट्ट्यात असाल तर पार्ट विकत घेण्याआधी लेखी विचारा. साध्या कागदावर नोंदणी प्राधिकाऱ्यांच्या (म्हणजे आरटीओच्या) नावे अर्ज लिहा: गाडी क्रमांक, मॉडेल, कोणता पार्ट काढून कोणता बसवणार, उंचीत किती फरक पडणार, आणि हा फेरबदल कलम 52 खाली येतो का. सोबत पार्टचं माहितीपत्रक जोडा. आवक विभागात दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. खिडकीवरचं "चालतंय की" हे उत्तर नंतर कुठेही दाखवता येत नाही. पत्ता पिंपरी-चिंचवडचा आणि गाडी एमएच-14 असेल, तर हेच सगळं मोशीच्या कार्यालयात.

काही जण विचारतात, वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था कोथरूडच्या टेकडीवरच आहे, तिथून सर्टिफिकेट आणलं तर? ती संस्था आणि भोसरीची सीआयआरटी वाहनं आणि त्यांचे भाग प्रमाणित करतात हे खरं. पण ते काम उत्पादकांसाठी, नमुना तपासून चालतं. आपण आपली एकटी गाडी घेऊन टेकडी चढायची ती जागा नव्हे.

फेरबदलाची नोंद करावीच लागेल असं उत्तर आलं, तर अर्ज फक्त नोंदणीकृत मालकाला करता येतो. गाडी मुलगा चालवत असेल पण आरसी वडिलांच्या नावावर असेल, तर सही वडिलांची. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र आधी मिळवा. सगळ्यात जास्त दिवस यातच जातात. थकलेली ई-चलनं भरून टाका. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसलेली हवी.

अर्जाची सुरुवात परिवहन पोर्टलवर, वाहनविषयक सेवांमध्ये, राज्य आणि गाडी क्रमांक टाकून होते. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुना नंबर असेल तर तो आधी बदला. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, पार्टचं जीएसटी बिल, काम करणाऱ्या वर्कशॉपचं पत्र आणि चॅसिस नंबरचा ठसा ठेवा. ठसा घेताना नंबरवरची धूळ-ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, शिसपेन्सिल आडवी धरून घासा, वर सेलोटेप दाबून उचला आणि अर्जावर चिकटवा. एक अंक जरी पुसट आला तरी परत पाठवतात, म्हणून घरूनच तीन-चार काढून न्या. पुढे फी, तपासणीची तारीख आणि निरीक्षकासमोर गाडी उभी करणं. बदल मंजुरीआधीच होऊन गेला असेल तर कलम 52(3) प्रमाणे 14 दिवसांत कळवावं लागतं. पण कळवलं म्हणजे मंजूर झालं, असा त्याचा अर्थ नाही.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं वेगळं. इंधनबदलाला कायद्यात वाट आहे: मान्यताप्राप्त किट, अधिकृत वर्कशॉपचं बसवल्याचं प्रमाणपत्र, सिलिंडरचं प्रमाणपत्र, मग आरसीवर नोंद. पण सिलिंडरच्या वजनाने डिकीची बाजू खाली बसते आणि लोक परस्पर जाड स्प्रिंग टाकतात. किट बसवतानाच मागच्या सस्पेन्शनचं विचारून घ्या.

विमा कंपनीलाही कळवायचं असतं, आणि नेमकं हेच राहून जातं. बिल आणि फोटो जोडून ईमेल करा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून मागा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी सर्व्हेयरला दिसला, तर वाद ठरलेला.

गाडी खाली घेण्याआधी एक साधं माप बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. सोसायटीच्या गेटपुढचा गतिरोधक टेपने मोजा, मग चार माणसं बसवून गाडीच्या पोटाखालची जागा मोजा, आणि त्यातून स्प्रिंगवाला सांगतो तो आकडा वजा करा. बरेच जण इथूनच परत फिरतात.

काम झालंच तर त्याच दिवशी अलाइनमेंट करा, रात्री भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटचा झोत बघा, कारण पुढची-मागची उंची वेगळी बदलली की झोतही हलतो. आणि मूळ शॉकअप-स्प्रिंग भंगारात देऊ नका. खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. निरीक्षकाने 'मूळ स्थितीत आणा' म्हटलं, किंवा 15 वर्षांनी फॉर्म 25 भरून नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी न्यायची वेळ आली, तर तेच पुन्हा बसवावे लागतील.