वाण कोणाचे, जनुक कोणाचा? पीक-वैविध्याच्या कराराची पार्श्वभूमी

शेतीची सुरुवात, देशी वाणांची घडण, एकाच वाणावर विसंबल्यामुळे १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याची झालेली दशा, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. पिकांचे वैविध्य हा सरकारांच्या वाटाघाटींचा विषय झाला तो मात्र १९७० नंतर.

त्या वर्षी अमेरिकेत मक्यावर पानांचा करपा पसरला. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळींचे तुरे हाताने खुडावे लागतात. ती मजुरी वाचावी म्हणून ‘टेक्सास’ नर-वंध्य पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग; या प्रकारामुळे झाडाला परागच धरत नाहीत) सर्रास वापरात आले होते. बाजारात वाणांची नावे अनेक होती, पण सुमारे ८५ टक्के बियाण्यात पेशीद्रव्य तेच एक. बुरशीच्या नव्या प्रकाराचे विष नेमके त्यावरच चालले आणि देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. आशियात भातावर ग्रासी स्टंट हा विषाणूरोग आला, तेव्हा सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भातात. तिच्या आधारे तयार झालेले आयआर-३६ हे वाण १९७६ मध्ये प्रसारित झाले आणि लाखो हेक्टरांवर पोचले. ज्या प्रदेशाने तो नमुना जपला, त्याला काय मिळाले, हा प्रश्न तिथूनच धारदार झाला.

१९८३ च्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाने वनस्पतींची जनुकीय संपत्ती मानवजातीचा वारसा, म्हणजे सर्वांना खुली, ठरवली आणि त्यात पैदासकारांच्या (नवी वाणे तयार करणाऱ्यांच्या) प्रगत ओळीही धरल्या. औद्योगिक देश बिथरले. १९८९ मध्ये तडजोड झाली: पैदासकारांचे हक्क राहतील, सोबत शेतकऱ्यांचेही हक्क मान्य होतील. एकाला कायद्याचे बळ, दुसऱ्याला नुसता उल्लेख. जैवविविधता कराराने १९९२ मध्ये ही संपत्ती देशांच्या सार्वभौम हक्काखाली आणली. तत्त्व रास्त होते, पण पिकांना ते अवघड गेले. गव्हाच्या एका वाणाच्या वंशावळीत अनेक देशांची वाणे असतात. प्रत्येकाशी वेगळा करार करत बसायचे कसे?

त्यावर उतारा म्हणून २००१ चा पीक-संपत्ती करार आला. तो २००४ मध्ये अमलात आला. ३५ अन्नपिके किंवा पीकगट आणि २९ चारापिके एकाच ठरावीक करारपत्रावर देण्याघेण्याचे ठरले. सोयाबीन, भुईमूग, टोमॅटो यादीबाहेर राहिले. ही यादी शास्त्रापेक्षा घासाघिशीने ठरली.

खरी मेख कलम १२.३(ड) मध्ये आहे. नमुना घेणाऱ्याने तो किंवा त्याचे जनुकीय घटक ‘मिळाले त्या स्वरूपात’ बौद्धिक संपदेखाली अडवू नयेत, असे ते कलम सांगते. एका बाजूचे म्हणणे असे, की घटकांचा उल्लेखच आहे, म्हणजे बियाण्यातला जनुक कोणालाही अडवता येणार नाही. दुसरी बाजू म्हणते, जनुक वेगळा काढला, त्याचे कार्य शोधले, की तो मिळाला त्या स्वरूपात उरत नाही. अनेक युरोपीय देशांनी तर मान्यता देतानाच, नावीन्याची भर पडलेल्या घटकांवर हक्क घेता येतील, असे निवेदन जोडले. ‘स्वरूप’ कशाला म्हणायचे हे कराराने सांगितलेच नाही. सही व्हावी म्हणून ठेवलेली ही संदिग्धता ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि वकील आहेत त्याच्याच सोयीची ठरली.

पैशाचे गणितही याच फटीतून गळते. नमुना वापरून केलेल्या वाणावर पुढील संशोधन आणि पैदाशीला बंधन असेल, तरच कराराच्या लाभवाटप निधीला सक्तीचा वाटा द्यायचा: विक्रीतून ३० टक्के वजा करून उरलेल्या रकमेच्या १.१ टक्के, म्हणजे एकूण विक्रीच्या ०.७७ टक्के. पेटंट असेल तर हे बंधन येते. नुसता वाण-हक्क (नव्या वाणावरचा पैदासकाराचा हक्क) असेल तर इतर पैदासकारांना वाण वापरता येते, म्हणून देणे ऐच्छिक. वाण तयार व्हायला दहाएक वर्षे लागतात ती वेगळीच. त्यामुळे हा निधी सुरुवातीपासून मुख्यतः सरकारांच्या देणग्यांवर चालला.

जनुकपेढ्यांचा, म्हणजे वाणांचे नमुने जपणाऱ्या संस्थांचा, खर्च मात्र थांबत नाही. बियाणे ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, हवाबंद करून उणे १८ अंशांना ठेवले तरी ते हळूहळू मरते. उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांवर आली की पुन्हा पेरावे लागते. त्यात झाडे मोजकी घेतली तर दुर्मीळ जनुके गळतात. परपरागण होणाऱ्या पिकात विलगीकरण चुकले तर पाकिटावरचे नाव तेच राहते, आतले वाण बदलते. आंबा, नारळ, कोको यांचे बी वाळवले की मरते, त्यामुळे त्यांना शेतातच जपावे लागते.

दरम्यान बियाण्याचे पाकीट मागवायची गरजही कमी होत गेली. जनुकाचा क्रम संगणकावर वाचून तो प्रयोगशाळेत तयार करता येतो आणि करारपत्र भौतिक नमुन्यासाठीच लिहिलेले आहे. यादी आणि देयक सुधारण्याची बोलणी २०१३ ला सुरू झाली आणि २०१९ मध्ये मोडली; त्यात हा मुद्दा मोठा अडथळा होता. २०२२ मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी क्रम-माहितीच्या लाभवाटपासाठी वेगळी बहुपक्षीय यंत्रणा उभारायचे ठरवले. त्याच वर्षी पीक-कराराची मोडलेली बोलणी नव्याने सुरू झाली.