काठी उचलून देणारा खंड्या आणि एका ‘टिक’ची गोष्ट

वेंगुर्ल्याच्या माझ्या मामांना अर्धांगवायू झाल्यापासून डावा हात-पाय नीट साथ देत नाही. हातातली काठी निसटली की ती उचलून द्यायला कुणीतरी लागतं. गेल्या मे महिन्यात त्यांच्या दोन नातवंडांनी, नववीतली नात आणि अकरावीतला नातू, घरच्या गावठी कुत्र्याला, खंड्याला, हे काम शिकवायचं मनावर घेतलं. शेजारच्या काकांनी लगेच सल्ला दिला, "दोन रट्टे घाल त्याका, आपसूक शिकात." हा सल्ला सगळीकडेच मिळतो आणि तो चुकीचा आहे.

कुत्रा शिकतो ते एवढंच : काय केल्यावर लगेच काय झालं. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं होतं. ज्या हालचालीनं दार उघडे, ती हालचाल मांजर पुढच्या खेपांना अधिकाधिक लवकर करू लागे. सगळी मेख त्या ‘लगेच’मध्ये आहे. समजा, खंड्यानं काठीला नाक लावलं. तुम्ही खूश होऊन आत गेलात आणि डब्यातून सुकट घेऊन आलात. तोवर त्यानं काठी सोडून कान खाजवायला घेतलाय. मग सुकट मिळाली ती कान खाजवल्याबद्दल.

म्हणून कृती आणि खाऊ यांच्यामध्ये खुणेचा आवाज ठेवतात. प्रशिक्षकांकडे त्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर ‘टिक’ वाजणारी छोटी डबी असते, आमच्या पोरांनी बॉलपेनचं बटण वापरलं. पहिले दोन दिवस नुसतं टिक आणि पाठोपाठ बिनमिठाच्या सुकटीचा तुकडा. खुणेच्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं तो पाव्हलॉवचा प्रयोग शाळेत वाचलाय ना, तोच. मग खरं काम. काठीकडे पाहिलं, टिक. जवळ गेला, टिक. नाक लावलं, टिक. एक पायरी पक्की झाली की तिच्यासाठी टिक बंद आणि पुढच्या पायरीची वाट पाहायची. काठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळल्यावर त्याचे दातही नीट बसू लागले.

या टिकचं मेंदूत काय होतं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की या पेशी जोरात पेटत, म्हणजे भराभर संकेत सोडत. रसाआधी दर वेळी ठरावीक खूण दिल्यावर, शिकून झालेल्या माकडाच्या पेशी खूण दिसताच पेटू लागल्या आणि रस मिळाला तेव्हा मात्र गप्प! खूण देऊन रस दिलाच नाही, तर रसाच्या नेमक्या वेळी पेशींचा वेग नेहमीपेक्षाही खाली घसरे. म्हणजे पेशी बक्षीस मोजत नव्हत्या, त्या वजाबाकी करत होत्या : मिळालेलं वजा अपेक्षित. उत्तर धन आलं तर आत्ताची कृती पक्की करा, शून्य आलं तर शिकण्यासारखं काही उरलं नाही, ऋण आलं तर अंदाज बदला. कुत्र्याच्या मेंदूतही डोपामिनची हीच यंत्रणा आहे. खाऊचं मोल खुणेवर सरकतं, म्हणून टिक हीच बातमी ठरते आणि ती नेमक्या क्षणावर बोट ठेवते.

रट्ट्यात हा नेमकेपणा नसतो. मार खाल्लेला कुत्रा ‘काठी उचल’ शिकत नाही. काठी, मामा आणि जिथे मार बसला ते खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, तिन्हींना भितो.

मुलांच्या हाती असं काम देणं नवीन नाही. अमेरिकेत अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ साली सुरू झाली आणि १९४०च्या दशकापासून ‘फोर-एच’ या युवक चळवळीतली मुलं तिची पिल्लं घरी वाढवू लागली. पिल्लू साधारण दोन महिन्यांचं असताना येतं आणि वर्षभरानं पुढच्या शिक्षणासाठी परत जातं. डोळ्यांत पाणी आणून मुलं त्याला निरोप देतात. हे वय महत्त्वाचं, कारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या आसपास पिल्लू जे पाहतं-ऐकतं ते त्याला जन्मभर नेहमीचं वाटतं. आपल्याकडच्या पिल्लाला त्या दिवसांत मासळीबाजाराचा कल्ला, एसटीचा हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस ओळखीचा झाला पाहिजे.

वाटाड्या कुत्रा सिग्नल पाहून रस्ता ओलांडतो, हाही गैरसमजच. कुत्र्याला तांबडा आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. रहदारीचा आवाज ऐकून ‘चल’ म्हणतो तो माणूस. मात्र गाडी अंगावर येत असेल तर कुत्रा हुकूम मोडून जागचा हलत नाही. हा समजून दिलेला नकार शिकवणं सगळ्यात कठीण. म्हणूनच ‘महिन्याभरात सेवाश्वान तयार’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पिल्लापासून धरलं तर दीड-दोन वर्षं लागतात आणि सगळी पिल्लं उत्तीर्णही होत नाहीत. जाता जाता, रात्री कुत्रं रडलं की त्याला यमदूत दिसला, हेही सोडून द्या. बहुतेकदा लांबच्या कुत्र्याला दिलेली ती हाक असते. त्या भीतीपायी दगड खाल्लेली कुत्री मी पाहिली आहेत.

खंड्या सेवाश्वान नाही, तसा दावा पोरांचाही नाही. पण तिसऱ्या आठवड्यात त्यानं काठी उचलून मामांच्या उजव्या हातात दिली. मामा बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

मग संध्याकाळी बंदरावर काठी पडली तेव्हा खंड्या नुसता बघत राहिला. कुत्रा धडा जागेसकट शिकतो. खळ्यातली काठी आणि बंदरावरची काठी त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्या दिवसापासून पोरं पेन आणि सुकटीची पुडी घेऊन बंदरावर जाऊ लागली. काठीकडे पाहिलं, टिक.