टीबीचा कार्यक्रम आणि प्राथमिक आरोग्य सेवा: दवाखाना एक, कामं दोन

इंदूरच्या एखाद्या सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या, बाळाची लस आणि बीपीची तपासणी एकाच छपराखाली मिळते, म्हणून हे सगळं एकच काम वाटतं. पण टीबीचा कार्यक्रम एका रोगाच्या मागावर निघतो. प्राथमिक सेवा समोर आलेल्या माणसाला बघते, मग त्याला काहीही होत असो.

समजा, लोकमान्य नगरात घरकामाला येणारी ४२ किलो वजनाची बाई दोन आठवड्यांहून जास्त खोकते आहे. कार्यक्रमाने तिची वाट आखून ठेवली आहे: थुंकीची तपासणी, निक्षय पोर्टलवर नोंद, एचआयव्ही आणि साखरेची चाचणी. औषधांना दाद देणारा टीबी निघाला तर वजनाच्या ३५ ते ४९ किलो गटाप्रमाणे रोज ३ गोळ्या. पहिले २ महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे ४ महिने तीन औषधांची. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात. इतकी नेमकी वाट आपल्याकडे फार थोड्या आजारांना आहे, आणि तिने जीव वाचतात.

पण याच बाईच्या पिशवीत माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट असेल तर? टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं भराभर मोडतं, आणि त्या गोळीचा भरवसा उरत नाही. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचा परिणामही तसाच उतरतो. तिला तांबी सुचवायची, साखरेची गोळी बदलून घ्यायची, हे तिला आधीपासून ओळखणाऱ्या माणसाला सुचतं. मधेच ती गरोदर राहिली, तरी कार्यक्रमाच्या कागदावर ‘उपचार पूर्ण’ असंच लिहिलं जाईल.

या दोन कामांची गल्लत जुनी आहे. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा इथे जगभरचे देश जमले, आणि ‘सर्वांसाठी आरोग्य’ गाठायचा मार्ग म्हणजे प्राथमिक सेवा, असं ठरलं. पुढच्याच वर्षी, सगळं एकदम झेपणार नाही, मोजके रोग आधी घ्या, असा ‘निवडक’ प्राथमिक सेवेचा विचार पुढे आला. गरीब देशांना पैसा देणाऱ्यांना तो सोयीचा वाटला, कारण एका रोगाचा आकडा दाखवता येतो.

प्रत्यक्षात ताण पडतो तो माणसांवर. सपाट भागात एका उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोक, आणि एएनएम, म्हणजे तिथली परिचारिका, बहुधा एकच. पल्स पोलिओचा बूथ रविवारी असतो, पण आधी प्रशिक्षण आणि नकाशे, नंतर घरोघरची फेरी आणि अहवाल. त्या आठवड्यात गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस हुकला, तर तो भरून काढायला वेगळी माणसं नसतात. आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. ज्या कामाला दर आहे ते आधी उरकलं जातं. यात त्यांची चूक नाही, रचनेची आहे.

हिवतापाने हे आपल्याला एकदा शिकवलं आहे. १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमानंतर १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला सुमारे १ लाखावर आले. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते हे एक कारण. दुसरं असं की फवारणीची पथकं गेल्यावर तापाच्या रुग्णाचं रक्त रोजच्या रोज तपासत राहील असं केंद्र बऱ्याच भागांत उभंच नव्हतं.

पोलिओने मात्र मागे बरंच काही ठेवलं. वीटभट्ट्या, बांधकामावरच्या झोपड्या, भटक्यांचे तळ यांच्या नोंदी त्या मोहिमेतून तयार झाल्या, आणि डिसेंबर २०१४ च्या मिशन इंद्रधनुषने त्यांच्याच आधारे लस चुकलेली मुलं शोधली. रोग शोधणारं जाळंही पुढे गोवरासाठी वापरलं गेलं.

तुमच्या भागात काय चाललंय ते मोहिमेच्या आठवड्यात कळतं. त्या दिवसांत दवाखान्यात जा आणि बघा: बीपीच्या रुग्णाला त्याच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात, की ‘सगळे फिल्डवर गेलेत, पुढच्या सोमवारी या’ असं ऐकून तो परततो?