लाल विंचवाचा दंश (कोकण)

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आढळणाऱ्या लाल विंचवाच्या (हॉटेंटोटा टॅम्युलस, जुने नाव मेसोब्युथस टॅम्युलस) नांगीतील विषामुळे होणारी विषबाधा. मोठ्या काळ्या विंचवाला लोक जास्त घाबरतात, पण जीव घेतो तो हा लहानसा तांबूस विंचू. गडग्यातल्या फटी, लाकूडफाटा, पेंढ्याची उडवी, कौलांखालच्या सापटी या त्याच्या जागा. त्यामुळे दंश बहुधा घरात किंवा अंगणातच होतो, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक.

नुसत्या कळा मारत असतील तर रुग्ण बहुतेक वेळा बरा होतो. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, पुरुषांत लिंगाची ताठरता आणि गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे. अशा रुग्णाला दंशाच्या जागी फारसे दुखतही नाही. म्हणूनच ‘कळ उतरली’ म्हणून मांत्रिकाकडून घरी परतणे घातक ठरते. विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियम वाहिन्या (सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे) उघड्या राहतात, अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते.

महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी ही लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यानंतर त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरले. ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के होते, ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. ग्रामीण दवाखान्यातून निघालेले इतके मोलाचे संशोधन भारतीय वैद्यकात विरळाच.

प्रतिविष (विष निष्प्रभ करणारे औषध) उपयोगी पडते का, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे वादात होता. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची महाड येथील चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ (ब्रिटिश मेडिकल जर्नल) या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना प्राझोसिन व प्रतिविष, निम्म्यांना केवळ प्राझोसिन दिले. १० तासांत पहिल्या गटातले ३२, तर दुसऱ्यातले ८ जण पूर्ण बरे झाले; बरे होण्यास सरासरी ८ तास विरुद्ध सुमारे १८ तास लागले. कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, शिवाय फुफ्फुसांत पाणी झालेले रुग्ण चाचणीत नव्हते. त्यामुळे हा निष्कर्ष अतिगंभीर रुग्णांना जसाच्या तसा लावता येत नाही.

प्राझोसिनची मात्रा वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात आणि मुलाला उचलून उभे धरू देत नाहीत. उलट्या व घामाने अंगातले पाणी कमी झाले असेल, तर तेही भरून काढावे लागते.