गरोदर पेशंटला उताणं ठेवू नका
(मेंदूला गंभीर इजा झालेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी)

आम्ही घरी येऊन नर्सिंग करतो. आमच्या सिस्टर ड्युटीवर येतात तेव्हा पुष्कळदा पेशंट उताणी असते. "शांत झोपली होती, म्हणून हलवलं नाही." साधारण 20 आठवड्यांनंतर मात्र उताण्या बाईच्या गर्भाशयाचं वजन हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतं. बीपी उतरतं, बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आधीच दुखावलेल्या मेंदूचाही. शुद्धीवरची बाई जीव घाबरला की आपणच कूस बदलते. हिला ते जमत नाही.

मग मशीनवर बीपीचा आकडा कमी दिसतो आणि आम्हाला फोन येतो. आमचा पहिला प्रश्न ठरलेला: कुशीवर आहे का? नसेल तर आधी डाव्या कुशीवर वळवा, मग पुन्हा मोजा. तरीही कमीच असेल तर आमची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

दर दोन तासांनी कूस बदलायची, उजवीही चालते. डोक्याकडची बाजू 30 अंश वर, मान सरळ. मान वाकडी राहिली की डोक्यातलं रक्त नीट उतरत नाही, आतला दाब वाढतो. नळीतून फीड दिल्यावर लगेच आडवं करू नका.

"वळवायला दोन माणसांचे पैसे कशाला?" एकीने डोकं-मान सांभाळायची, दुसरीने खांदा आणि कंबर. एकटीने ओढलं की नाकातली नळी निसटते, आणि ती परत घालण्यात सगळ्यांचा अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा दुसरी सिस्टर स्वस्त.

फिटच्या गोळ्या "बाळाला नकोत" म्हणून स्वतः बंद करू नका. व्हॅल्प्रोएटसारखं औषध बाळाला बाधतं हे खरं, पण बदल डॉक्टरच करतील. औषध अचानक तोडून आलेली मोठी फिट दोघांच्याही जिवावर बेतते.

कळा सुरू झाल्या तरी ती सांगणार नाही. पोट थांबून थांबून कडक होणं, घाम, वाढलेली नाडी, कपाळावर आठ्या: आमच्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना आहे, तो रिकामा ठेवू नका. एकच पोटरी सुजून गरम लागली तर चोळू नका, आत गुठळी असू शकते, डॉक्टरांना कळवा.

टेकूची तिरकी उशी ड्युटी चालू असेपर्यंत आमच्याकडून मिळते. फक्त दिवसपाळी घेतलीत तरी रात्री कूस कशी बदलायची ते पहिल्याच दिवशी शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्या वेळी घरातली दोन माणसं हजर ठेवा.