अलार्मचा भोंगा उगाच का वाजतो?

घर कुलूपबंद, माणसं गावाला गेलेली आणि रात्री दोन वाजता भोंगा सुरू. शेजारी धावत येतात, तर कुठे काहीच नाही. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी कोणी उठत नाही. उगाच वाजणारा अलार्म म्हणूनच मला नुसती कटकट वाटत नाही, तो घराला असुरक्षित करतो.

सुरुवात पॅनेलमधल्या, म्हणजे अलार्म चालवणाऱ्या मुख्य डब्यातल्या नोंदीपासून करावी. कोणत्या झोनमुळे (घराच्या कोणत्या भागातल्या सेन्सरमुळे) आणि किती वाजता भोंगा वाजला, हे बहुतेक पॅनेल साठवून ठेवतात. रोज ठरावीक वेळी वाजत असेल तर उन्हाचा संशय घ्यावा, फक्त पावसाळ्यात वाजत असेल तर दाराचा, वीज गेल्यावर वाजत असेल तर बॅटरीचा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कोपऱ्यातल्या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरचा. हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, समोरून येणारे उष्णतेचे अवरक्त किरण टिपतो. आपली त्वचा साधारण ३३ अंश सेल्सिअसला असते आणि तिच्यातून सर्वाधिक किरण ९.५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे निघतात. सेन्सरच्या आत पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमान बदललं की विजेचा संदेश देणाऱ्या पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली सावकाश तापली तर दोघांचे संदेश एकमेकांना खोडून काढतात. पुढचं प्लास्टिकचं भिंग खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एक तुकडा तापतो, मग दुसरा, आणि भोंगा वाजतो.

म्हणजे सेन्सरला माणूस ओळखता येत नाही, त्याला फक्त उष्णतेचा सरकता फरक कळतो. एसीच्या झोताने हलणारा थंड पडदाही असा फरक निर्माण करतो. ढगाआडून बाहेर आलेलं ऊन फरशीचा एखादा तुकडा झपाट्याने तापवतं. भिंगावरून चालणारा कोळी किंवा पाल तर एकाच वेळी कित्येक पट्टे झाकते. तारेसाठी पाडलेल्या भोकातून मुंग्या आत शिरतात, ते भोक सिलिकॉनने बुजवावं. रस्त्यावरच्या माणसांना मात्र दोष देऊ नये. खिडकीच्या साध्या काचेतून हे लांब तरंगलांबीचे किरण आरपार जात नाहीत.

विदर्भातल्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते. बंद खोलीची भिंत त्वचेइतकीच तापली की माणूस सेन्सरला जवळजवळ दिसेनासा होतो. काही सेन्सर अशा वेळी आपली संवेदनशीलता आपोआप वाढवतात. साहजिकच किरकोळ हालचालीही त्यात मोजल्या जातात.

सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) सोडून हालचाल टिपणारा आणि पीआयआर असे दोन्ही सेन्सर एकत्र असलेला डबा बराच भरवशाचा असतो, कारण दोघांनी एकाच सुमारास इशारा दिला तरच तो भोंगा वाजवतो. पण सूक्ष्मलहरी प्लायवूड आणि काचेतून पलीकडे जातात, फिरता पंखाही टिपतात.

दाराच्या चुंबकी स्विचचं सोपं आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार नीट बसत नाही, चुंबक लांब राहतो आणि वाऱ्याच्या धक्क्याने सर्किट तुटतं. चुंबक थोडा जवळ घ्यावा, तारेचे गंजलेले जोड पुन्हा करावेत. पॅनेलमधली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते, ती बदलावी.

भोंगा थांबावा म्हणून संवेदनशीलता एकदम तळाला नेऊ नका. एका वेळी एकच बदल करा, पॅनेल चाचणीवर ठेवा आणि सेन्सरसमोरून आडवे चालून पाहा. त्याच्या दिशेने सरळ चालत गेलात तर पट्टे कमी ओलांडले जातात आणि चाचणी फसवी ठरते.